बिल्ला खरा, निरोप खोटा

जिजी, वसंतरावांनी तुला फसवलं. तुझ्या तोंडून खोटे निरोप आमच्या माणसांना ऐकवले, त्या निरोपांनी संप मोडला, आणि नंतर भरसभेत उभं राहून सांगितलं की हे सगळं जिजीच्या वीशीतून झालं. जिजीनं माणसं विकली, असं सुरतेच्या साऱ्या उधन्यात झालं. तो डाग तसाच घेऊन तू गेलीस.

तू होतीस तोवर मी गप्प बसलो, कारण तू मला बसवलं होतंस. मी वसंतरावांच्या घराकडे निघालो की तू दारात आडवी उभी राहायचीस. "रघ्या, तोंडना आधी तुना हात चालस. बस गुमान." आता दारात कोणी नाही. हात मी उचलणार नाही, तेवढा तुझा शब्द पाळतो. तोंडाबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं.

तुझी गोष्ट सांगताना लोक तुझ्या भाकरीपासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करतो, कारण आपली ओळख भांडणातून झाली आणि ते भांडण भाकरीवरून होतं. मी खानदेशातून नुकताच उतरलेलो, संच्यावर म्हणजे मागावर बॉबिन भरायचं काम मिळालेलं, आणि कोणीतरी तुझ्या वीशीचा पत्ता दिला होता. सुरतेत खाणावळीला वीशी म्हणतात हेही मला माहीत नव्हतं. मी दारातच म्हणालो, "दर नंतर सांगा, आधी भाकरी किती मोठी ते दाखवा." पंगतीतले सगळे हसले. तू चुलीवरून उठलीस, गरम भाकरी माझ्या तळहातावर ठेवलीस आणि माझा हात भाजेपर्यंत बघत राहिलीस.

"मोजलीस?"

"मोजली."

"मग बस. इथे भाव होत नाही. ताटात टाकायचं नाही एवढाच कायदा."

"आणि माझं पोट इतरांपेक्षा मोठं असलं तर?"

"तुझं तोंड इतरांपेक्षा मोठं आहे, पोटाचं बघू."

जेवण झाल्यावर तू विचारलंस, गावाकडे कोणाला निरोप धाडायचाय का. मी म्हटलं, कोणी नाही. "माय?" नाही. तू ताट उचललंस आणि त्या दिवसापासून मला रघ्या म्हणायला लागलीस.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, कारण आता सगळे असं बोलतात की निरोपाचं काम वसंतरावांच्या मंडळानंच सुरू केलं. मंडळ नव्हतं तेव्हाही उधन्याहून भुसावळकडे पॅसेंजर जात होती आणि तिच्यात आपली माणसं बसत होती. कारखान्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पत्र टाकलं तर गावात ते वाचणाऱ्याला घरातलं सगळं कळे. तार गेली की ती फोडायच्या आधीच बायका रडायला लागत. म्हणून निरोप तोंडी जायचा. जो गावाकडे निघाला तो आदल्या दिवशी वीशीत यायचा आणि निरोप पोटात घालून न्यायचा. नंदुरबारला एक न्हावी, दोंडाईच्याला पिठाच्या गिरणीवाला, अमळनेरला एक बांगडीवाली, असे लोक ते पुढच्या गावांना पोचवायचे. इकडे उधन्यात तू, कतारगामला एक वीशी, वेडरोडला एक. यांचा कोणी मुख्य नव्हता. कोणी कोणाला नेमलं नव्हतं.

मग खोटा निरोप कसा ओळखायचा? खुणेनं. निरोप देणाऱ्यानं आपल्या घरच्या माणसाला आणि आपल्यालाच ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायची. माझ्या खात्यातल्या भिकानं आईला पाठवलेली खूण मला अजून आठवते: "माय, पोळ्याच्या दिवशी ढवळ्यानं तुझ्या नव्या लुगड्याचा पदर खाल्ला आणि तू मला गप्प राहायला गूळ दिलास." हे ऐकल्यावर भिकाच्या आईला पत्र नको, शिक्का नको. तिनं जबाब पाठवताना स्वतःकडची नवीन खूण जोडायची. एकदा वापरलेली खूण मेली. ती दुसऱ्यांदा कोणी घेऊन आला तर त्याला पाणी पाजायचं आणि परत पाठवायचं.

क्रम तू घालून दिलास. गाव, घर, खूण, मग निरोप. खूण पटली नाही तर निरोप पोटातच ठेवून परत यायचं. नेणाऱ्यानं तो तुझ्यासमोर जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. कतारगामवाले आधी निरोप सांगून मागाहून खूण सांगत. त्यामुळे एकाची बायको बाळंत झाल्याचं त्याच्या नावबंधूला कळलं आणि त्यानं सगळ्या खात्यात पेढे वाटले. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं. तू त्यांना निरोप धाडला नाहीस. स्वतः कतारगामला गेलीस, त्यांच्या वीशीत जेवलीस, मीठ कमी आहे म्हणालीस आणि क्रम बदलून आलीस. मी आयुष्यभर सौदे केले, जिजी, पण मीठ कमी असल्याचं सांगून सौदा जिंकलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

तापीला मोठी रेल, म्हणजे पूर, आली, पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा गावाकडे बातमी पोचली की सुरत वाहून गेली. गाड्या बंद होत्या. सुरू झाल्या तशी पहिल्या पॅसेंजरनं जी माणसं गेली, त्यांच्या पोटात नुसत्या खुणा होत्या. निरोप सगळ्यांचा एकच: जिवंत आहे. अमळनेरच्या बांगडीवालीनं नंतर सांगितलं की बायका तिच्या दारात येऊन म्हणत, "निरोप राहू दे, आधी खूण सांग." खूण ऐकली की तिथेच खाली बसत. त्या दिवसांत कोणी मंडळाचा बिल्ला मागितला नाही, तो अजून आलाच नव्हता.

आपलं मोठं भांडण कतारगामवरून झालं. ते अजून संपलेलं नाही, तू मध्येच उठून गेलीस. कतारगामच्या वीशीतून शिव्या जायला लागल्या होत्या. सासऱ्याला धमकी, भावजयीवर घाण आरोप, सगळं खुणेसकट, म्हणजे खरं ठरलेलं. मी म्हटलं, कतारगामचा एकही निरोप घ्यायचा नाही. पूर्ण तोडायचं. वेडरोडलाही तसं सांगायचं.

तू पीठ मळत होतीस. "आणि तिथं जेवणारा तो म्हातारा जॉबर? त्याचा निरोप कोण नेईल?"

"त्यानं वीशी बदलावी."

"त्याला पाय कुठे आहेत चालायला?"

"जिजी, एक नासका बटाटा..."

"माणसं बटाटे नसतात, रघ्या. शिवी टाक, माणूस टाकू नको."

मग तूच नियम केलास: निरोप ऐकताना शिवी आली की नेणाऱ्यानं तोंडावर सांगायचं, हे माझ्या पोटात राहणार नाही, दुसरं सांग. ज्याला वाटेल त्यानं न्यावं, ज्याला नको त्यानं नेऊ नये, पण का नेत नाही ते सांगायचं. हळूहळू शिव्या कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. मी दर खेपेला म्हणायचो, बघ, तोडलं असतं तर एका फटक्यात मिटलं असतं. तू म्हणायचीस, मिटलं नसतं, नुसतं दिसलं नसतं. मला अजून वाटतं की मी निम्मा तरी बरोबर होतो. हे तुला ऐकवायचं राहिलं.

वसंतराव आले ते यानंतर. कचेरीत नोकरी, स्वच्छ लेंगा-सदरा, शुद्ध बोलणं. माणूस रिकामा नव्हता, हे मी रागातही मान्य करतो. त्यांच्या मंडळानं मुलांसाठी मराठी शाळा चालवली, दवाखान्यात ओळख काढून दिली. आपल्या माणसांना कचेरीत कोणी बसायला सांगत नव्हतं, वसंतराव खुर्ची ओढून द्यायचे. म्हणूनच लोक त्यांच्यापुढं नरम पडायचे, आणि तूही पडलीस.

निमित्त गावाकडच्या सिंधूचं झालं. तिच्या नवऱ्यानं घाईत नवराबायकोतली खूण पाठवली आणि नेणाऱ्यानं ती तिच्या सासूसमोर, शेजारणींसमोर अंगणात सांगितली. तिचा जबाब आला तो तू पंगतीत मोठ्यानं म्हणून दाखवलास: "पुन्हा असली खूण धाडली तर मी तुम्हाला ओळखणार नाही, आणि दार उघडणार नाही." सगळे पोट धरून हसले. तू हसली नाहीस. तुला त्या पोरीसाठी लाज वाटली. त्याच आठवड्यात वसंतराव वीशीत आले आणि म्हणाले, "जिजी, खाजगी गोष्टी अशा चारचौघांत कशाला? मंडळ पितळेचे बिल्ले देईल. ज्याच्या हातात मंडळाचा बिल्ला, तो आपला माणूस. दोन्हीकडे एकच पद्धत. चूक होणारच नाही."

मी तिथेच होतो, तोवर संचे सोडून कटपीस, म्हणजे ताग्यांचे उरलेले तुकडे, विकायला लागलेलो. विचारलं, "बिल्ले कोणाकडे राहतील?"

"मंडळाकडे."

"म्हणजे?"

"कार्यालयातल्या कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडे, अर्थात. तुमचा विश्वास नाही का, रघुनाथ?"

"मी कटपीस विकतो, साहेब. ताग्याचं वरचं टोक दाखवून कोणी विश्वास मागितला की मी मधली घडी उघडतो."

तू मला डोळ्यांनी दटावलंस. ते गेल्यावर मी ओरडलो, हे मी नाकारत नाही. मी म्हटलं, खूण माणसाची असते, बिल्ला ज्याच्या खिशात त्याचा असतो. खूण चोरायची तर भिकाच्या आईच्या पोटात शिरावं लागेल. बिल्ला चोरायला एक किल्ली पुरते. तू शांतपणे म्हणालीस, "आणि सिंधूनं रोज अंगणात मरायचं?" याचं उत्तर होतं, जिजी. खूण कानात सांगायची. एवढा एक नियम घातला असता तर पुरलं असतं. मला ते त्या क्षणी सुचलं नाही, दोन दिवसांनी सुचलं, आणि तोवर तू हो म्हणून बसली होतीस. नंदुरबारचा न्हावी, दोंडाईच्याची गिरणी, सगळ्यांनी तुझ्याकडे बघून हो म्हटलं. खुणा बंद झाल्या. सोपं झालं, हे खरं. पोरंसोरंही निरोप न्यायला लागली.

मग संप. मी कटपीसमध्ये पडलो होतो, पण माझी माणसं खात्यातलीच होती. मंडळाच्या यादीतही मी अजून कामगारच होतो, ते कोणी बदललं नव्हतं. शेठ लोक हलत नव्हते आणि आपले लोकही हलत नव्हते. रोज फाटकासमोर बसायचे. तुझ्या वीशीत तेव्हा भाकरीला भाजी नसायची, पण पंगत भरलेली असायची.

अशा दिवसांत निरोप यायला लागले. आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघून ये. आणणारा ओळखीचा नव्हता, पण हातात बिल्ला होता. आता बिल्ला असला की चेहरा कोण बघतो? तू पद्धतीप्रमाणे ऐकून घेतलास, पद्धतीप्रमाणे ज्याचा त्याला सांगितलास. भिका गेला. त्याच्यामागं त्याच्या खात्यातले निम्मे गेले. ज्यांचे निरोप आले नव्हते ते घाबरले, सगळीकडे साथ आली म्हणून तेही निघाले. दोन दिवसांत फाटकासमोरची सतरंजी दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी जेवायला आलो. तू हातात पळी घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस आणि निरोप म्हणायला लागलीस. तुझं तोंड चालू होतं आणि डोळे कुठेतरी थांबले होते.

"रघुनाथला निरोप आहे. आई अत्यवस्थ..."

मी हसलो. खरंच हसलो, म्हटलं, "चल, म्हातारी जिवंत झाली म्हणायची."

तू हसली नाहीस. पळी खाली ठेवलीस. हळू आवाजात म्हणालीस, "रघ्या, तुले ते माय नही शे."

तेवढ्यात सगळं उघडं पडलं. सगळ्यांच्या आया एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत आजारी पडल्या होत्या. माझी तर मेलेली आजारी पडली होती. कोणीतरी मंडळाची यादी समोर ठेवून निरोप वाटले होते, आणि त्याला एवढंही ठाऊक नव्हतं की मला आई नाही. खूण मागितली असती तर माझ्या नावाचा निरोप तोंडातून बाहेरच आला नसता. तू चुलीजवळ बसलीस आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिलीस: "मी बिल्ला दखा, माणूस दखा नही."

आपण दोघं वसंतरावांकडे गेलो. त्यांनी खुर्च्या ओढून दिल्या. तू विचारलंस, बिल्ले कोणाला दिले होते? ते म्हणाले, "बाई, बिल्ला खरा होता ना? मग आमची पद्धत चुकली नाही. निरोप खरा की खोटा हे ऐकणाऱ्यानं बघायचं." मी टेबलावर हात आपटला तेव्हा ते म्हणाले की काही बिल्ले चोरीला गेले असावेत. कपाट फुटलं होतं का? नाही. कुलूप तुटलं होतं का? नाही. मग? "चौकशी करू."

लोक गावाहून परतले तेव्हा त्यांच्या संच्यांवर दुसरी माणसं उभी होती. सभा भरली. तुझी अपेक्षा होती की वसंतराव उभे राहून सांगतील, बिल्ले आमच्या कपाटातून गेले. ते उभे राहिले, आणि म्हणाले की निरोप जिजींच्या वीशीतून दिले गेले, मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. पहिल्या अर्ध्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, म्हणून दुसरं अर्धंही खपलं. मी खूप व्यापारी पाहिलेत, इतकी सफाई कोणाच्या हातात नाही. मी उठून बोलायला लागलो तर मला खाली बसवलं. रघुनाथ चिडका आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी भिका तुझ्या दारात आला. तू त्याला पोरासारखं जेवू घातलेलं. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "जिजी, तू आमले इकी टाकं." तू त्याला एवढंच विचारलंस, "माय बरी शे ना?" तो निघून गेला. भिका आता कामरेजकडे ऊस तोडतो. मी त्याला भेटून सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, असेल, पण सांगितलं तिच्याच तोंडानं ना. मी त्याच्यावर रागावू शकलो नाही, आणि मला न रागावता येणं फार त्रासाचं असतं.

त्यानंतर तू भाकरी पहिल्याइतक्याच थापायचीस आणि उरायच्या. मी म्हणायचो, कमी थाप. तू म्हणायचीस, कोणी आलं तर? मी तुझ्याशी त्यावरूनही भांडलो. शेवटच्या आजारात तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, तुला कोणाचा निरोप येत नाही, म्हणून माझ्याकडची एक खूण तुला देते. कधी कोणी माझं नाव घेऊन आला तर ती विचार. ती खूण तू माझ्या कानात सांगितलीस. तेव्हा मला कळलं की कानात सांगायची गोष्ट तुलाही उशिराच सुचली होती. आपण दोघं त्यावर हसलो. मी तुला त्या वेळी म्हणायला हवं होतं की एवढ्या वर्षांत मला घरच्यासारखं विचारणारी तू एकटीच होतीस. मी म्हटलं, पाणी पी.

आता तुझ्या तेराव्याला, गंधमुक्तीला, मंडळानं शोकसभा ठेवली आहे. वसंतराव बोलणार आहेत. सभा मंडळाच्या नव्या सभागृहात आहे. ते सभागृह ज्या जागेवर उभं आहे ती संपानंतर कोणत्या शेठनं मंडळाला दिली, हे उधन्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्यानं म्हणत नाही. मी म्हणतोय.

माझी जुनी चाल असती तर मी मंडळाशी पूर्ण तोडलं असतं, आणि दहा वीशींना तोडायला लावलं असतं. पण तू म्हणालीस, शिवी टाक, माणूस टाकू नको. म्हणून मी वसंतरावांना टाकत नाही. मी त्यांना बोलावतो. सभागृहात नाही, तुझ्या वीशीत, जिथे ते निरोप बोलले गेले तिथे. भिकाला मी कामरेजहून आणतो. नंदुरबारचा न्हावी येतोय, बांगडीवाली येतेय. चूल पेटलेली असेल आणि भाकरी तुझ्याच मापाच्या असतील.

वसंतराव, येताना बिल्ला आणू नका. जिजीला ओळखत होतात असं चारचौघांत सांगायचं असेल तर आधी माझ्या कानात तिची एक खूण सांगा. नसेल, तर तिच्याबद्दल बोलू नका, आमच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं द्या, भिकाच्या तोंडावर: कुलूप तुटलं नव्हतं. किल्ली तुमच्या खिशात होती. ते कपाट तुम्ही कोणासाठी उघडलंत?